मोटारींवरची परदेशी रेडिओ-रूपकं: कुठे शोधायची आणि कान कसा लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज कराडहून कोल्हापूरला गाडीने येणं-जाणं आहे, गाड्यांचा नाद आहे, व्हिडिओ बघून बघून कंटाळा आलाय; तर गाड्यांवरच्या रेडिओ-डॉक्युमेंटरी नेटवर कुठे मिळतात, परदेशातल्या इथे बसून ऐकता येतात का, आणि इंग्रजी अर्धंच कळतं त्याचं काय करायचं. जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडील एसटीत चालक होते. त्या वाक्याकडे मी शेवटी येतो.

माझं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पस्तीस वर्षं होऊन गेली. रेडिओ पहिल्यापासून आहे. शटर वर केलं की आधी उदबत्ती, मग आकाशवाणी सांगली, मग पाना. आकाशवाणीवर अशा कार्यक्रमाला 'रूपक' म्हणतात. माणसांच्या मुलाखती, जागेवर जाऊन टिपलेले आवाज आणि मधे निवेदन. डॉक्युमेंटरी म्हणा की रूपक म्हणा, चीज तीच. परदेशी रूपकांची चटक मला चौदा-पंधरा वर्षांपूर्वी लागली. भाच्याने जुन्या फोनमध्ये एक भाग भरून दिला आणि म्हणाला, "मामा, मोटारीच्या कारखान्याचं आहे, ऐका." त्याचं पुढे सांगतो.

कुठे मिळतात, हे पाच मिनिटांचं काम आहे. ते आधी उरकू. वेळापत्रक बघून थेट प्रक्षेपण ऐकायचे दिवस गेले. जवळजवळ सगळे चांगले कार्यक्रम पॉडकास्ट म्हणूनही, म्हणजे हवं तेव्हा उतरवून ऐकता येतील असे, सोडले जातात, आणि ते घ्यायला कुठलंही पॉडकास्ट ॲप चालतं. अँड्रॉइडवर मी 'अँटेनापॉड' वापरतो, फुकट आहे आणि स्वतःच्या जाहिराती घुसडत नाही. आयफोनमध्ये कंपनीचं 'पॉडकास्ट्स' आधीच असतं. जुन्या फोनवर 'गुगल पॉडकास्ट्स' दिसत असेल तर त्याच्या नादी लागू नका, ते २०२४ मध्ये बंद झालं. बीबीसीचं 'साउंड्स' ॲपही ब्रिटनबाहेरच्या लोकांसाठी जुलै २०२५ पासून बंद आहे. लोक इथे गडबडतात, त्यांना वाटतं बीबीसीच बंद झाली. तसं काही नाही. रेडिओ ४ आणि वर्ल्ड सर्व्हिस या तिच्या वाहिन्या बीबीसीच्या संकेतस्थळावर थेट लागतात, आणि पॉडकास्ट रूपातले कार्यक्रम कुठल्याही ॲपवर येतात. ब्रिटनबाहेर मधे जाहिरात वाजते, तेवढं सोसायचं.

डेटाची काळजी करू नका. १२८ केबीपीएसचा (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) कार्यक्रम तासाला साधारण ५८ एमबी खातो, ६४चा त्याच्या निम्मा. मात्र रस्त्यात रेंज येते-जाते, म्हणून रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. पेट्रोल टाकीत भरून निघतो तसंच.

आता काय ऐकायचं. बहुतेक जण शोधायला बसतात आणि 'कार' एवढंच टाकतात. मग समोर येतात नव्या मॉडेलची परीक्षणं, विक्रीचे आकडे आणि दोन मित्रांच्या गप्पा. ते रूपक नव्हे. गाडीवरचं चांगलं रूपक गाडीच्या आजूबाजूच्या माणसांचं असतं: बनवणारा, विकणारा, चालवणारा आणि तिच्याखाली सापडणारा. म्हणून गाडीचं नाव शोधू नका. कारखाना, संप, रस्ता, अपघात, पेट्रोल असं काहीतरी शोधा.

सुरुवात करा भाच्याने दिलेल्या त्या भागापासून. 'धिस अमेरिकन लाइफ' नावाचा कार्यक्रम आहे, १९९५ साली शिकागोत सुरू झालेला, अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवरचा. त्याचा ४०३ क्रमांकाचा भाग, नाव 'नमी', पहिल्यांदा लागला २६ मार्च २०१० रोजी. नमी हे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावच्या मोटार कारखान्याचं नाव. जनरल मोटर्स आणि टोयोटाची भागीदारी. त्याआधी तिथे एकट्या जीएमचा कारखाना होता, तो १९८२ मध्ये बंद झाला. का बंद झाला ते जुने कामगारच सांगतात, आणि हसत हसत सांगतात. कामावर दारू. सोमवारी लाइन, म्हणजे गाडी टप्प्याटप्प्याने जोडत नेणारी रांग, सुरू करायला माणसं पुरेनात, मग समोरच्या बारमधून ओढून आणायची. कुणाला साहेबाचा राग आला की दाराच्या पत्र्याआड कोकची बाटली टाकून द्यायची, म्हणजे गाडी घेणाऱ्याने जन्मभर खडखडाट शोधत बसावं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवला. एका मारुतीच्या दारात मला असाच विसरलेला नट सापडला होता, तीन दिवस शोधल्यावर. तो कुणी मुद्दाम टाकला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. (टाकला नसेलही. पण तेव्हापासून दार खोललं की मी बॅटरी मारून तळ बघतो.)

१९८४ मध्ये टोयोटाने तोच कारखाना पुन्हा सुरू केला, आणि कामगार बहुतेक तेच घेतले. त्यांना तुकड्या करून जपानला नेलं आणि ताकाओकाच्या कारखान्यात टोयोटाच्या माणसांशेजारी उभं केलं. तिथे लाइनच्या वर एक दोरी असते. काही चुकलं, जमलं नाही, की कुणीही साधा कामगार ती ओढू शकतो. धून वाजते, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. जीएमच्या माणसाला हे कळायलाच वेळ लागला, कारण त्याच्याकडे लाइन थांबवणं हे सगळ्यात मोठं पाप होतं. बिघडलेली गाडी पुढे ढकला, शेवटी बघू. परत निघायच्या दिवशी हे रांगडे युनियनवाले जपानी सोबत्यांच्या गळ्यात पडून रडले, असं सांगणारा माणूस भेटतो. ती जागा चुकवू नका. तिथे निवेदक गप्प बसलाय.

दुसरा अर्धा तास आणखी कडू आहे. इतकं जमलं, मग जीएमने हेच आपल्या बाकीच्या कारखान्यांत का केलं नाही? लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये करून पाहिलं, बारगळलं. सुपरवायझर आणि युनियन दोघांनाही आपली खुर्ची सोडवेना. २००९ च्या जूनमध्ये जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. हा भाग लागला आणि आठवड्याच्या आत, १ एप्रिल २०१० ला, नमीतली शेवटची गाडी बाहेर पडली. आज तिथे टेस्लाच्या गाड्या बनतात. आपल्याकडे शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीत जा, दारात 'कायझेन'चा, म्हणजे कामात सतत थोडी थोडी सुधारणा करायच्या जपानी पद्धतीचा, फलक असतो. आणि आत सुपरवायझर एका पोराला मशीन बंद केलं म्हणून फाडून खातोय, हेही मी एका ठिकाणी उभ्या उभ्या पाहिलंय. म्हणून मला ते रूपक परदेशी वाटतच नाही.

त्याच कार्यक्रमाचा २०१३ चा एक भाग आहे, '१२९ कार्स'. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची क्रायस्लरची एक शोरूम. महिनाअखेरपर्यंत १२९ गाड्या विकायच्या, तर कंपनीकडून मोठी रक्कम, एक कमी पडली तर नाही. मग शेवटच्या दिवसांत पदरचे पैसे घालून गाड्या काढायची वेळ येते. महिनाअखेरीला शोरूमवाले एवढे गोड का बोलतात, ते इथे कळतं. आकडा गाठला का, ते सांगत नाही.

छोटं हवं असेल तर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं 'विटनेस हिस्टरी' घ्या. नऊ-दहा मिनिटांचे भाग, आणि बोलणारा स्वतः तिथे हजर असलेला किंवा त्याच्या घरातला. गाड्यांवरचे भाग मधूनमधून येतात. आणखी एक, 'फिफ्टी थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी', टिम हारफर्ड सांगतो. रुडॉल्फ डिझेल १९१३ मध्ये बोटीवरून कसा नाहीसा झाला, ती गोष्ट त्याने झकास सांगितलीय. पण माझ्या जिव्हारी लागला तो शिसं घातलेल्या पेट्रोलचा भाग. तो जरा सविस्तर सांगतो, कारण असं रूपक माणसाचं काय करतं, ते त्यावरून कळेल.

जीएमच्या थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरने १९२१ मध्ये शोध लावला की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थेंबभर घातलं तर इंजिनाचं नॉकिंग थांबतं. नॉकिंग म्हणजे चढावर जोर लावला की आतून येणारा तो टिण-टिण आवाज, आम्ही 'गोट्या वाजतात' म्हणतो. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण मेले. लोक खवळले. तेव्हा मिजलीने पत्रकारांना बोलावलं, ते द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतून घेतलं, मिनिटभर त्याचा वास घेतला आणि सांगितलं, बघा, मला काही होत नाही. वास्तविक त्याआधीच त्याला शिशाची बाधा होऊन सुट्टी घ्यावी लागली होती.

मी हे ऐकलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, हेल्पर पोरं गेली होती, आणि मी हात धूत होतो. साबणाने. पण उमेदवारीची सगळी वर्षं आम्ही हात कशाने धुतले? पेट्रोलने. ग्रीस निघायला त्याच्यासारखं काही नाही. टपात पाव लिटर पेट्रोल, त्यात पार्ट धुवायचे, मग त्यातच हात, आणि मग तसेच भाकरीला. पाइप तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल ओढायचं, एखादा घोट गेला तर थुंकायचं आणि हसायचं. आपल्याकडे सगळीकडे शिसं नसलेलं पेट्रोल आलं ते २००० च्या फेब्रुवारीत. त्याआधी चांगल्या चालणाऱ्या पद्मिनीच्या सायलेन्सरचं तोंड आतून राखाडी दिसायचं, आणि उस्ताद बोट फिरवून म्हणायचे, "रंग आला बघ, मिक्श्चर बरोबर आहे." तो रंग शिशाचा होता. २००० नंतर तेच तोंड काळं दिसायला लागलं आणि आम्ही म्हणायचो की नव्या पेट्रोलात दम नाही. नऊ मिनिटांच्या रूपकाने मला माझंच गॅरेज उलटं करून दाखवलं. आता आमच्याकडे पार्ट धुवायला वेगळं द्रावण आहे आणि पाइप तोंडात धरणाऱ्या पोराला मी बोलतो. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, हे पेट्रोल बंद व्हायला २०२१ उजाडलं.

पण प्रत्येक रूपकावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाच्या 'रिव्हिजनिस्ट हिस्टरी' पॉडकास्टचा २०१६ मधला 'ब्लेम गेम' हा भाग घ्या. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून हाहाकार झाला होता. ग्लॅडवेल चाचणीच्या रस्त्यावर गाडी नेतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ब्रेक मारून दाखवतो, आणि गाडी थांबते. गाडीच्या ब्रेकची ताकद इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यामुळे त्याचं म्हणणं, बहुतेक चालकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. ऐकायला पटतं, मला तर फारच पटलं. गिअर न बदलायच्या गाड्या आल्यापासून वर्षाला एखादं तरी गिऱ्हाईक येतं, पार्किंगमध्ये खांबाला धडकलेलं, आणि शपथेवर सांगतं, "मी ब्रेकच दाबला होता हो." पूर्वी मी तोंडावर सांगायचो की तुम्ही चुकीचा पेडल दाबलात, आणि भांडण व्हायचं. तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर तसंच वाटत असतं, हे या भागाने मला समजावलं. आता मी आधी चटई बघतो, ब्रेक तपासतो, मग गाडी चालवताना त्याच्याशेजारी बसतो.

मात्र एवढं ऐकून थांबलात तर फसाल. नासाच्या इंजिनिअरांनी २०११ मध्ये अहवाल दिला की इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, हे खरं. पण चटईत पेडल अडकणं आणि पेडल चिकटणं हे दोष खरेच होते, त्यासाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका खटल्यात टोयोटाला जबाबदार धरलं. आणि २०१४ मध्ये, ग्राहकांपासून गोष्टी लपवल्या म्हणून, कंपनीने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. रूपककार गोष्ट सांगत असतो, पंचनामा करत नसतो. आवाज जितका पटवणारा, तितकं दुसरीकडे एकदा बघावं.

'९९ पर्सेंट इन्व्हिजिबल'चा 'द मॉडर्न मोलॉक' हा भागही यादीत ठेवा. रस्ता हा आधी माणसांचा होता, तो गाड्यांचा कसा झाला, त्याची गोष्ट. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात हजारो लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक गाडीला यंत्र बसवा, ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर ती जाताच कामा नये. मोटारवाल्यांनी जिवाच्या आकांताने प्रचार करून ती हाणून पाडली. रस्ता कसाही ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर' हे नाव तेव्हाच चिकटलं. 'जे' म्हणजे गावंढळ. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे पायी चालणाऱ्याला याच अर्थाच्या शिव्या देतात, फक्त मराठीत.

आणि कंटाळा आला की 'कार टॉक'. हे रूपक नाही, तरी सांगतो. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ, दोघेही एमआयटीतून शिकलेले आणि बॉस्टनशेजारी गॅरेज चालवणारे. १९७७ पासून स्थानिक रेडिओवर, १९८७ पासून देशभर, नवे भाग २०१२ ला थांबले. टॉम २०१४ मध्ये गेला. लोक फोन करून गाडीचा बिघाड सांगायचे, आणि हे दोघे खो-खो हसत निदान करायचे. त्यातली खरी गंमत फोन करणाऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या आवाजांची. प्राध्यापक असो, डॉक्टर असो, गाडी कशी वाजते ते तोंडाने करून दाखवायचा. आमच्याकडे तरी काय वेगळं! खडखड म्हणजे सस्पेन्शन नाहीतर सायलेन्सरचा पत्रा, टकटक म्हणजे टॅपेट, चर्र म्हणजे बेल्ट, घर्र म्हणजे बेअरिंग. गिऱ्हाईक कोणता शब्द वापरतं त्यावरून मी निम्मं निदान बोनेट उघडायच्या आधी करतो. हा कार्यक्रम मला निम्माशिम्माच कळायचा तेव्हाही आवाजांच्या जिवावर मी तो तासभर ऐकायचो.

म्हणजे आलो इंग्रजीकडे. पहिली गोष्ट, अमेरिकन माणूस गाडीच्या अवयवांना वेगळी नावं देतो, आणि आपण ब्रिटिश नावांवर वाढलेलो. तो 'हूड' म्हणेल ते आपलं बोनेट. 'ट्रंक' म्हणजे डिकी. 'फेंडर' म्हणजे मडगार्ड, 'मफलर' म्हणजे सायलेन्सर, गळ्यातला नव्हे. 'गॅस' म्हणजे पेट्रोल. मी पहिले दोन महिने समजत होतो की अमेरिकेत सगळ्या गाड्या सिलिंडरवर चालतात. 'स्टिक शिफ्ट' म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी. आणि 'लेमन' म्हणजे नवी कोरी असूनही रोज रडणारी गाडी. ही सात नावं कागदावर लिहून ठेवली की निम्मी अडचण जाते.

दुसरी गोष्ट ॲव्हरेजची. ते मैल आणि गॅलनमध्ये बोलतात, आणि गॅलनही दोघांचे वेगळे: अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. म्हणून अमेरिकन माणूस ३० म्हणाला तर आपल्या हिशोबात लिटरला पावणेतेरा किलोमीटर, आणि ब्रिटिश ३० म्हणाला तर साडेदहाच्या जरा वर. हे माहीत नसलं की ब्रिटिश गाड्या उगाच काटकसरी वाटतात.

तिसरी गोष्ट, संहिता. 'धिस अमेरिकन लाइफ'च्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाची शब्दशः संहिता फुकट आहे. ही सोन्यासारखी सोय आहे आणि कुणी वापरत नाही. मी असं करतो: पहिल्यांदा काही न वाचता ऐकायचं, कळेल तेवढं. मग संहिता चाळायची, अडलेल्या जागा बघायच्या. मग दुसऱ्यांदा ऐकायचं. दुसऱ्या वेळी जो आनंद येतो, तो पहिल्या वेळी इंग्रजी चांगलं असणाऱ्यालाही येत नाही, असं माझं मत आहे. संहिता नसेल तर अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये 'लाइव्ह कॅप्शन' असतं, बोललेलं इंग्रजी खाली अक्षरांत येतं. मशीनच ते, चुकतं. गाडीच्या पार्टांची नावं तर हमखास चुकतं.

आता एक सक्त सूचना. ॲपमध्ये वेग वाढवायची सोय असते, दीडपट, दुप्पट; आणि 'शांतता कापा' असंही एक बटण असतं. बातम्यांना वापरा, रूपकाला वापरू नका. बुलेटचं उदाहरण घ्या. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर उभं असेल तर स्फोट होतात पाचशे, म्हणजे सेकंदाला आठ. ते 'डुग-डुग' आपल्याला सुटं सुटं ऐकू येतं, म्हणून तर त्याचं कौतुक. दीडपट वेगाला तेच सेकंदाला बारा होतात आणि बुलेटचं भलतंच काहीतरी होतं. चार सिलिंडरची गाडी ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सत्तावीसच्या आसपास स्फोट करते. हा इतका खालचा आवाज मोबाइलच्या टीचभर स्पीकरमधून येतच नाही. घरी ऐकताना बरे हेडफोन लावा. आणि शांतता कापलीत, तर जपानहून निघताना रडलेल्या माणसानंतरचा तो थांबलेला क्षणही कापला जाईल.

नव्या पोराला मी पहिल्या आठवड्यात लांब स्क्रूड्रायव्हर देतो. टोक चालू इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर, म्हणजे वरच्या झाकणावर, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. आधी सगळा गोंगाटच असतो. मग हळूहळू एकेक वाल्व वेगळा होतो. रूपकाचंही तसंच आहे, पहिले दोन-तीन भाग गोंगाट वाटतील. सोडू नका.

गाडीत ऐकावं का? कानात इयरफोन घालून अजिबात नाही. मागचा हॉर्न कळला नाही तर रूपक आपल्यावर व्हायचं. गाडीच्या स्पीकरवर, बेताच्या आवाजात, चालेल. पण नवा इंग्रजी भाग चालवताना लावू नका. न कळलेला शब्द पकडायला डोकं मागे राहतं आणि गाडी पुढे जाते. घरी एकदा ऐकलेला भाग दुसऱ्यांदा ऐकायला कराड-कोल्हापूर रस्ता उत्तम.

मराठीत काय, असंही तुम्ही विचारलंत. आकाशवाणीची केंद्रं 'न्यूज ऑन एअर' ॲपवर थेट लागतात, अस्मिता वाहिनीही. पण मोटारींवरचं मराठी रूपक वर्षानुवर्षं कानावर पडलेलं नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. फोटो भरपूर निघाले, पण तिच्या दाराचा तो 'खट्ट' आवाज आणि मीटर पाडल्याची टिंग किती जणांनी टिपून ठेवली असेल?

म्हणून वडिलांकडे येतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हापासूनच्या चालकांचं बोलणं फारसं कुणी जपलेलं नाही, आणि तुमच्या घरात एक चालक बसलाय. फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन विमान मोडवर टाका, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर. प्रस्तावना करू नका, 'तुमचा अनुभव सांगा' असं म्हणू नका. त्याने माणूस भाषण देतो. त्यांनी कराड-चिपळूण केलं असणारच, तेव्हा थेट विचारा, भरलेली गाडी कुंभार्ली घाटातून पावसात खाली उतरवताना कितवा गिअर, आणि डबल क्लच, म्हणजे एक गिअर बदलायला दोनदा क्लच, कसा मारायचा. सांगतील. मग म्हणा, तो आवाज कसा यायचा, करून दाखवा. तोंडाने करून दाखवतील, हातही हलवतील, आणि पायही. तेव्हा मधे बोलू नका. आणि पंखा आधी बंद करा. आमच्या उस्तादांचं मी जे टिपलंय, त्यात पाऊण तास पंखाच जास्त ऐकू येतो.